मेरीचा अर्धा वाटा

माझी सून मला हसते. म्हणते, "आई, तुम्ही दुधाची पिशवीसुद्धा आधी उजेडात धरून बघता." बघतेच. भाजीवाल्याने एकदा "ताजू छे, बेन" म्हटलं तर मी घेते, दोनदा म्हटलं तर पुढच्या गाडीकडे जाते. कोणी कारण नसताना गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात, आणि घरातलं माणूस अचानक शहाण्यासारखं वागायला लागलं तर मला रात्रंदिवस चैन पडत नाही. हा स्वभाव मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. तो मला एका इंग्रज कुटुंबाने लावला. नवरा, बायको आणि पाच मुलं, जातीचे विणकर, माझ्या आजोबांच्याही आधीच्या काळात लिव्हरपूलहून बोटीत बसून अमेरिकेला गेलेले. त्यांची माझी गाठ पडली ती सुरतेत, बमरोलीच्या आमच्या दोन खोल्यांत. मी तेव्हा आठवीत होते.

त्या खोल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला पाठ लावून उभ्या होत्या. मधली भिंत एकच. दोन्ही पाळ्यांत लूम चालायचे आणि त्या खटखटीने आमच्या फळीवरचे पितळी डबे हळूहळू सरकत कडेला यायचे. दर दोन दिवसांनी माय ते मागे ढकलायची. पाहुणे आले की पहिला तासभर कपाळ धरून बसायचे. आम्हाला मात्र वीज जाऊन आवाज थांबला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. या आवाजामुळे आमच्या घरात कुजबुजता येत नसे. गुपित सांगायचं तर ते ओरडून सांगावं लागे, म्हणून आमच्याकडे गुपितं कोणी सांगतच नसे, नुसती ठेवून द्यायचे. आजही मी फोनवर बोलते तेव्हा सून हळूच दार लोटून घेते.

माझे वडील, म्हणजे आबा, त्याच शेडमध्ये जॉबर होते. लूम बिघडला, धोटा अडकला, की कारागीर आबांना हाक मारायचे. अमळनेराकडचं आमचं गाव सोडून ते लग्नाआधीच सुरतेला आले होते. माय घरी बसून साड्यांचे धागे कापायची. साड्यांचा गठ्ठा एका बाजूला, कापलेल्या धाग्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ती कात्री घेऊन. रंगीत धाग्यांचे तुकडे आमच्या भाकरीत निघायचे, अंथरुणात निघायचे, एकदा तर माझ्या गणिताच्या पेपरला चिकटून शाळेत गेले. संध्याकाळी कळण्याची भाकरी, वर ठेचा आणि कांदा, आणि गावाकडून वांगी आली असली की भरीत. आबांची एकच खोड होती. मिठावरून ते बोलायचेच. भाजीत मीठ कमी असो वा जास्त, पहिल्या घासाला त्यांचं तोंड वाकडं व्हायचं आणि माय म्हणायची, "मंग तुम्हीच करा." हा आमचा रोजचा जेवणाआधीचा श्लोक होता.

आमच्या मराठी शाळेत लिमये बाई होत्या. पुण्याकडच्या, यजमान बँकेत, राहायला नानपुऱ्यात. मराठी आणि इतिहास शिकवायच्या. त्यांना रविवारच्या जुन्या बाजारात एक पुठ्ठा गेलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. सारा नावाच्या एका विणकराच्या बायकोने आपल्या आईला लिहिलेली पत्रं त्यात होती. बाई आठवड्याला एक पत्र मराठीत उतरवायच्या, जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने. शनिवारी शेवटच्या तासाला ते वर्गात वाचून दाखवायच्या. माझं अक्षर बरं म्हणून त्याची शाईने चांगली प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. मला कोण अभिमान! मायला मात्र पहिल्या दिवसापासून ते खटकलं.

"फुकटमा काम काबं करी लेस ती बाई?" कात्री न थांबवता ती म्हणाली. "तुले काय देस?"

"काही नाही. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून."

"अक्षर तं दुसरी पोरीसनं बी चांगलं ऱ्हास," माय म्हणाली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मीच काहीतरी लपवते आहे.

आता त्या पत्रांत काय होतं ते सांगते. साराचा नवरा विल्यम हातमागावर कापड विणायचा. गावात यंत्रमागाची गिरणी आली आणि त्याच्या हातच्या कापडाला कोणी विचारीना. एके सकाळी तो खांद्यावर कापडाचा तागा टाकून घरातून निघाला. शेजाऱ्यांना म्हणाला, बाजाराला जातोय. बायकोलाही तेच म्हणाला. गेला तो थेट बंदरावर आणि तिथून अमेरिकेच्या बोटीत. साराला हे कळलं ते महिन्यांनी आलेल्या त्याच्या पत्रातून. तू रडली असतीस तर माझा पाय निघाला नसता, असं त्याने लिहिलं होतं. वर लिहिलं होतं की मुलांना घेऊन ये, मी धक्क्यावर उभा असेन. साराने माग विकला, पलंग विकला आणि पाच मुलं घेऊन ती बोटीत बसली. बोटीच्या पोटात अंधार, फळ्यांचे बिछाने, एका फळीवर सगळी आडवी. उलट्यांचा वास. आणि रोज सकाळी एक माणूस यादी घेऊन यायचा आणि माणशी वाटा मोजून द्यायचा, इतकं पाणी, इतकं पीठ, इतकी बिस्किटं. साराने आईला ती यादी जशीच्या तशी लिहून पाठवली होती. सारा, पूर्ण वाटा. थॉमस, अकरा वर्षं, अर्धा. मेरी, सात वर्षं, अर्धा. खाली धाकटी तिघं.

त्या ओळीवर माझं पेन अडलं. मेरीला अर्धा वाटा, म्हणजे अर्धा का होईना, तिच्या नावाचा. मला माझ्या नावाचा कधीच नव्हता.

हे कळायला आमची कानबाई माहीत पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाचा मुखवटा, त्याला नथ, डोळे, चौरंगावर कलश, आणि रात्रभर गाणी. तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. रोटाचा गहू मात्र असातसा घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू सुपात टाकतात, तो वेगळा दळतात, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्या कोणाला तुकडाही द्यायचा नाही. आमच्या घराचा आणखी एक नियम होता. जो माणूस गावाला असेल त्याची मूठ घ्यायची, पण त्याच्या रोटाला कोणी हात लावायचा नाही. तो रोट सोमवारी कानबाईबरोबर नदीत जायचा. आणि जो आपल्यातून तुटून गेला, त्याची मूठ घ्यायची नाही. आम्हा मुलींची मूठ नसायची. लग्न होईपर्यंत आम्ही बापाच्या रोटातला तुकडा खायचो. सुरतेत आमचे भाऊबंद म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ धर्मा काका, काकू आणि त्यांची दोन मुलं. कानबाई आमच्याकडे बसायची. मुठी चारच, आणि त्यातल्या आबांच्या मुठीत मी.

साराची पत्रं लिहिता लिहिता माझं लक्ष आबांकडे जायला लागलं. आधी काही विशेष नव्हतं. त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली. मग एका रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर गेले आणि विचारलं तर म्हणाले, "बाजारले जाई येस." बाजारातून येताना त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मी पिशवी पाहिली. शर्टाच्या खिशात फोटो स्टुडिओचं छोटं पाकीट होतं. मी ते बाहेरूनच चाचपलं. त्यात टपालाच्या तिकिटाएवढे चार-पाच सारखे तुकडे लागले. आमच्या घरात आजवर फोटो निघाला होता एकदाच, त्यांच्या लग्नात. मग एका दुपारी आबांनी मला जवळ बसवून इंग्रजीत सही कशी करायची ते विचारलं. मी गिरवून दिलं. त्यांनी पुऱ्या पानभर सह्या केल्या आणि ते पान घडी करून खिशात घातलं. आणि सर्वांत वाईट म्हणजे ते मिठावरून बोलेनासे झाले. वांग्याची भाजी एकदा इतकी खारट झाली होती की माझ्याने गिळवेना. आबांनी ती मान खाली घालून संपवली आणि म्हणाले, "चांगली जमनी."

आज वाटतं, कोणी दुसरी मुलगी असती तर सरळ विचारून मोकळी झाली असती. मी विचारलं नाही. मी पाळत ठेवली. ते झोपले की मी त्यांच्या चपला कुठे आहेत ते बघून ठेवायचे. खांद्यावर टॉवेल टाकून पाळीला निघाले तरी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे जायचे आणि ते शेडमध्ये शिरेपर्यंत उभी राहायचे. विल्यमनेही खांद्यावर तागाच टाकला होता. मायला सांगावं असं दहादा मनात आलं. पण मायला माहीत नसलं तर? आणि माहीत असून ती गप्प असली तर? तीही मला तेव्हापासून पहिल्यासारखी वाटेना. साड्यांचे धागे कापताना ती मध्येच थांबायची आणि आबांच्या रिकाम्या खुंटीकडे बघत बसायची.

मला काय ठाऊक, की तिकडे आबाही माझ्यावर पाळत ठेवून होते. एका संध्याकाळी मी प्रत करत बसले होते तर ते मागे येऊन उभे राहिले.

"काय लिखी राहिनी तू?"

"गोष्ट. बाईंनी दिली आहे."

त्यांनी कागद हातात घेतला. आबा चौथी शिकलेले. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचे. हाताला आलं ते आधीच्या पत्रातलं, विल्यम तागा घेऊन घरातून निघतो ते पान होतं. वाचता वाचता त्यांचं बोट थांबलं. "यानी कोनलेच सांगं नही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "बायकोले बी नही?" नाही. त्यांनी मग पुढचं पान मागितलं, मागचं मागितलं, माझ्याकडे होती नव्हती ती सगळी पानं दिव्याखाली बसून वाचली, बोटीच्या यादीसकट. आणि परत दिली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, बिचाऱ्या विणकराचं वाईट वाटलं असेल. आबा स्वतः जन्मभर त्याच यंत्रमागांत वावरलेले.

त्यांना विणकराचं वाईट वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं की लिमये बाईंना सगळं कळलंय, आणि तोंडावर सांगायची सोय नाही म्हणून बाई इंग्रजाचं नाव पुढे करून त्यांच्या मुलीला सावध करताहेत. पुस्तकातली पत्रं वाचून ती आपल्यावरच लिहिली आहेत असं समजणारा माझा बाप जगात एकटाच असेल. पण त्यांच्या बाजूने बघा. विणकर माणूस, यंत्रमाग, बाजाराला जातो म्हणून निघणं, परदेशची बोट. त्यांनी लपवलेलं सगळंच्या सगळं त्यांच्या मुलीच्या अक्षरात त्यांच्यासमोर आलं होतं.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला ते शाळेत आले. अंगावर लूमचे कपडे, केसांत कापसाची भुरी. मी फळा पुसत होते. बाईंसमोर हात जोडून उभे राहिले आणि बाईंशी बोलायचं म्हणून जमेल तेवढी शुद्ध भाषा काढून म्हणाले, "बाई, तुम्हाले हे कोनी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?" बाई गोंधळल्या.

"माझं. आफ्रिकेचं."

माझ्या हातातलं डस्टर खाली पडलं. बाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्या हुशार होत्या. त्यांनी पर्समधून ते पुठ्ठा गेलेलं पुस्तक काढलं आणि आबांच्या हातात दिलं. आबांनी ते उलटंपालटं केलं. पिवळी पानं, बारीक इंग्रजी अक्षर. एका पानावर बोटीचं चित्र होतं. ते चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे लोक मरून किती वर्षं झाली असतील, कोणास ठाऊक," बाई म्हणाल्या. "मला तुमचं काहीसुद्धा माहीत नव्हतं. आता तुम्हीच सांगितलंत." आणि मग जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "घरी सांगितलंय का?"

आबांनी पुस्तक परत दिलं आणि मान हलवली. नाही.

परत येताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसले होते. आबांची पाठ माझ्यासमोर होती, घामाने भिजलेली. उधन्याच्या फाटकाशी गाडी यायची होती म्हणून थांबलो तेव्हा त्यांनी मागे न बघता सांगितलं. आफ्रिकेतल्या एका कापड गिरणीत जॉबर पाहिजेत. तीन वर्षांचा करार. मुंबईहून बोट. घरच्यांना नेता येत नाही. "आजून पक्कं नही शे," ते म्हणाले. "मायले सांगू नको." मी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून मला त्यांचा एकही शब्द खरा वाटेना. पक्कं नाही म्हणजे पक्कं आहे. तीन वर्षं म्हणजे किती, कोणी सांगावं? विल्यमनेही धक्क्यावर उभा राहीन असं लिहिलं होतं, आणि तो उभा होता की नाही हे मला अजून माहीत नव्हतं. शेवटचं पत्र बाईंनी उतरवायचं होतं.

पुढचा शनिवार कानबाईच्या आदला दिवस होता. दुपारी धर्मा काका, काकू आणि मुलं आली. शेठनं सणाची सुट्टी दिली होती म्हणून लूम बंद होते आणि घरात ऐकायची सवय नसलेली शांतता होती. गव्हाची गोणी मधोमध, समोर सूप. गहू लवकर मोजायचा होता, कारण चक्कीवाला गुजराती असून आमचा सण सांभाळायचा. चक्की धुऊन पुसून आधी खानदेशी घरांचे रोटाचे गहू दळायचा आणि मगच दुसऱ्यांचे. माय न्हाऊन, ओल्या केसांनी गोणीशी बसली. काकू तिच्याजवळ. पुरुष भिंतीला टेकून. मी दारात.

मायने धर्मा काकांचं नाव घेऊन मूठ टाकली, वर चिमटीने सव्वा केली. मग त्यांच्या थोरल्याची, मग धाकट्याची. मग तिचा हात गोणीत गेला आणि तिथेच राहिला. तिने मान वर करून आबांकडे पाहिलं.

"तुमनी मूठ लेऊ का?"

काका दचकले. "शकूनी माय, हाई काय इचारी राहिनी?"

"त्यास्लेच इचारी राहिनू," माय म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, लूमवरून ओरडायचा, आणि त्या शांततेत तो फार मोठा वाटला. "महिना व्हयना. भाजीमा मीठ कमी पडो का जास्ती पडो, या मानुसनी तोंड उघाडं नही. जानारा मानूसच इतला गरीब व्हस. कथा जानं शे, कितला दिनसाठे जानं शे, माले माहीत नही. पन मनी सासू दरसाल तिना दीरनी मूठ लेये. तो बर्मामा गया व्हता. तीस साल तिनी त्याना रोट नदीमा सोडा. मी तशी सोडाव नही. येनार व्हशात तं सांगा, मी लेस. नही तं नही लेवाव."

आबांनी खिशातून घडी केलेला कराराचा कागद काढला आणि गव्हाच्या गोणीवर ठेवला. त्यावर त्यांची इंग्रजी सही होती, मी गिरवून दिलेली. "तीन साल," ते म्हणाले. "लिखेल शे. मी सांगनार व्हतू. तू रडशी, मंग मना पाय निंघाव नही..."

"मी रडसू का नही रडसू, ते मनं मी देखसू," माय म्हणाली. "लेऊ का?"

तेव्हा मला कळलं की माय गेला महिनाभर खुंटीकडे काय बघत होती. मी तिच्यापासून लपवत होते, आबा आम्हा दोघींपासून, ती आम्हा दोघांपासून, आणि तिघंही एका ताटातल्यासारखे एकत्र जेवत होतो. मला एकदम रडू आलं आणि मी ते दाबलं, कारण आबा काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

"ले," आबा म्हणाले. मायने मूठ टाकली. वर चिमटी टाकली. ती हात झटकून उठणार, तोच ते म्हणाले, "थांब. पोरनी बी ले."

काका बोलले, आणि त्यांना राग आला होता. "पोरनी मूठ कोनी लिन्ही व्हती का आजपावत? दोन साल मा दुसराना घर जाई ती."

"जाई तवय जाई," आबा म्हणाले. "मी तठे, मना रोट आठे. त्याले कोनी हात लावस नही. मंग मनी पोर कोनामातलं खाई? तुमनामातलं?" आबा खाली बघत पुढे म्हणाले, "जहाजवर त्या गोरास्नी बी पोरीसले मोजं. मी वाचं. अर्धं का व्हयेना, पन नाव लिखीसन मोजं."

मी दाराची चौकट धरून उभी होते. मला वाटलं होतं त्यांनी ती पानं आपलं नाव कुठे आहे ते शोधायला वाचली. त्यांत त्यांनी मेरीला पाहिलं होतं. मायने काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे. शेवटी काकूने सूप दोन बोटं मायच्या बाजूला सरकवलं. काकू एवढंच करू शकत होती आणि ते तिने केलं. मायने गोणीत हात घातला. "शकू," ती म्हणाली, माझं नाव मोठ्याने घेऊन, आणि पुरी मूठ टाकली. वर चिमटीने सव्वा केली. अर्धी नाही.

तो रोट मी दुसऱ्या दिवशी गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी आणि खिरीशी खाल्ला. जाडजूड, जरा करपलेला, पोट भरून उरला. आणि खातानाही मी आबांकडे बघत होते, कारण मूठ घेतली म्हणून माणूस परत येतोच असं कुठे आहे? कानबाईने बर्मातल्या त्या चुलत आजोबांना तीस वर्षांत परत आणलं नव्हतं.

भाद्रपद लागता लागता आबा गेले. तागा घेऊन नाही, पेटी घेऊन, आणि आम्हाला स्टेशनवर नेऊन. माय रडली नाही. घरी येऊन तिने तीन दिवस भाजीत मीठच घातलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात लिमये बाईंनी मला थांबवून घेतलं. "शेवटचं पत्र झालंय," त्या म्हणाल्या. "विल्यम धक्क्यावर..." मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, बाई, आबा घरी येईपर्यंत मला सांगू नका. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दीड वर्षांनी त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि तो कागद त्यांच्याबरोबर गेला. सून म्हणते, आता सगळं मोबाईलवर सापडतं, जुन्या बोटींच्या याद्यासुद्धा, शोधून देते. मी नको म्हणते. विल्यम उभा होता की नव्हता, इतकी वर्षं मी दोन्ही बाजूंनी संशय घेत काढली, आता एकाच बाजूला बसायला जमायचं नाही.

आबांची पत्रं पहिल्या वर्षी महिन्याला येत. दुसऱ्या वर्षी सणावारी. तिसऱ्या वर्षी होळीपासून एकही नाही. त्या श्रावणात माय गोणीशी बसली तेव्हा काका म्हणाले, यंदा इचार कर. ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. मायचा हात गोणीत थांबला. मी तिचं मनगट बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही, बाहेर एका कारागिराची सायकल येऊन उभी राहिली, घंटी वाजली, कोणीतरी कोणाला हाक मारली. मग मायने मूठ काढली आणि सुपात टाकली. सोमवारी आम्ही तो रोट तिसऱ्यांदा तापीत सोडला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी आबा आले. हिवतापाने निम्मे झालेले, डोळे पिवळे, दवाखान्यात पडून होते म्हणून पत्र नाही. उंबऱ्यात पेटी ठेवून त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. "मनी मूठ लिन्ही व्हती ना?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही साल," माय म्हणाली आणि तेव्हा मात्र ती रडली. भिंतीपलीकडे लूम चालू होते, म्हणून शेजाऱ्यांना काही कळलं नाही. रात्री जेवताना पहिल्या घासाला आबांचं तोंड वाकडं झालं. मला इतकं हायसं वाटलं की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण खरी धास्ती मला पुढच्या श्रावणात वाटली, आणि ती मी कोणाला सांगितली नाही. आबा घरी होते. त्यांचा रोट आता ते स्वतः खाणार होते, आणि पूर्वीसारखा माझा तुकडा त्यातून निघू शकत होता. माझी मूठ घ्यायचं कारणच संपलं होतं. त्यातून मी सतरा वर्षांची, दोन स्थळं येऊन गेलेली. शनिवारी दुपारी माय गोणीशी बसली. काका, काकू, मुलं, आबा, सगळे तसेच. मी मुद्दाम आत गेले नाही. दारात उभी राहिले, चौकट धरून. धर्मा काकांची मूठ झाली. मुलांची झाली. आबांची झाली, न विचारता. आणि मायने हात झटकला, दोन्ही तळवे लुगड्याला पुसले आणि गोणीचं तोंड आवळायला सुतळी हातात घेतली. मला वाटलंच होतं. मी आबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी वळले.

"तठे उभी राहीसन काय देखी राहिनी?" मागून मायचा आवाज आला. तिने सुतळी पायाखाली धरली होती आणि गोणीचं तोंड माझ्याकडे उघडं केलं होतं. "मोठी व्हयनी ना आते? इकडे ये. तुनी मूठ तूच ले."

मी जाऊन बसले. गव्हात हात घातला. वरचा गहू गरम होता आणि आत खोल गार. सव्वाच घ्यायची असते, मला माहीत होतं. मी चांगली दीड घेतली. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं!